लाइट गेली की उठणारे मढवी सर

भिवंडीत लाइट गेली की पहिली शिवी समोरच्या कारखान्यातून ऐकू यायची आणि दुसरी आमच्या स्टाफरूममधून. पंखा थांबायचा, घाम सुटायचा, कोणी वहीने वारा घ्यायला लागायचं. आणि नेमके त्याच वेळी भौतिकशास्त्राचे मढवी सर खुर्चीतून उठायचे. चेहऱ्यावर असं समाधान, की ज्याची वाट पाहत होते तो पाहुणा वेळेवर आला. डब्यातली भाकरी अर्धी राहिली असली तर तशीच झाकून ठेवत आणि मला म्हणत, "चला मराठी, आमची शिफ्ट लागली." मी त्या कॉलेजात मराठी शिकवत असे. तेवढ्यावरून त्यांनी माझं नावच 'मराठी' ठेवून टाकलं होतं. माझ्या आडनावाची त्यांना कधी गरज पडली नाही.

ही २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांची गोष्ट. तेव्हा रोज तीन-तीन तास लाइट जायची. वेळापत्रक लावलेलं असायचं, आणि वेळापत्रकाबाहेर जायची ती वेगळी. बाहेरच्या माणसाला हेही सांगावं लागतं की भिवंडीची जमीन थरथरते. गल्लोगल्ली लूम, म्हणजे यंत्रमाग, दिवसरात्र खटखट. टेबलावर चहा ठेवला की त्यावर बारीक वर्तुळं उठतात. मी पडघ्याचा, रोज एसटीने येणारा, तरी चार महिन्यांत सरावलो. मढवी सर जन्मापासून तिथलेच, घर कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून, घराला लागून बारा लूमचा स्वतःचा कारखाना. पण ते काही सरावले नाहीत. कारण त्यांच्याकडे एक मायक्रोस्कोप होता, आणि जमीन हलत असली की त्यात काही दिसत नसे.

धातू तपासायचा तो जुना मायक्रोस्कोप त्यांनी भंगारवाल्याकडून उचलून आणला होता. प्राचार्यांनी तळमजल्यावरची काळोखी खोली दिली होती, कारण तिथे दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. लाइट गेल्यावर दिव्याचं काय, तर मोटारसायकलची एक बॅटरी आणि तिच्यावर हेडलाइटचा बल्ब. शुक्रवारी काही कारखाने बंद असत, पण बाकीचे चालू. संपूर्ण भिवंडी एकदम गप्प बसायची ती फक्त लाइट गेल्यावर. सगळं गाव ज्या तीन तासांच्या नावाने बोटं मोडायचं, त्या तीन तासांवर या गृहस्थाचं शास्त्र चाललं होतं.

त्यांची दुसरी खूण म्हणजे डाव्या मनगटात बांगडीसारखं अडकवलेलं चिकटपट्टीचं रीळ. परीक्षेला सुपरव्हिजन करताना, मीटिंगमध्ये, चहाच्या टपरीवर, कुठेही ते पट्टीचा तुकडा दुमडत आणि उलगडत बसलेले असत. पट्टीवर काळी पूड असे. पोरं त्यांना चिकटपट्टी सर म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. "नाव बरोबर आहे," ते म्हणायचे. "बाकीच्यांना तुम्ही काय काय ठेवलंय ते पाहता मी सुखात आहे."

ती पट्टी कशासाठी, हे त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते पेन्सिल घेऊन. पेन्सिलीतलं काळं म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. एकेक थर एका अणूच्या जाडीचा. नुकताच परदेशात कोणी साध्या चिकटपट्टीने त्यातला एकच थर सोडवून दाखवला होता. त्याला ग्राफीन म्हणतात. "ते थर एकमेकांना धरून नसतात हो मराठी," ते म्हणाले, "नुसते सवयीने बसलेले असतात. ओढणारा पाहिजे." हे वाक्य ते पुढे इतक्या वेळा म्हणाले की मला ते माझ्याच वर्गात चुकून तोंडी येऊ लागलं.

आणि तो थर कशाला हवा, तर एका प्रकाशासाठी. रेडिओच्या लहरी आणि शेकोटीची ऊब यांच्या मधे एक प्रकाश असतो, टेराहर्ट्झ नावाचा. डोळ्यांना दिसत नाही. कापडातून, पुठ्ठ्यातून आरपार जातो, आणि पाण्याशी अडतो. हा प्रकाश तयार करणं कठीण, पण त्याहून कठीण म्हणजे त्याला आवरणं. "त्याला नळ नाही," सर म्हणायचे. ग्राफीनला विजेचा किंचित दाब दिला तर ते या प्रकाशाचा नळ होईल, हवा तेवढा सोडील, हवा तेवढा अडवील, असा जाणत्यांचा अंदाज होता. "कापडाच्या आरपार जाणारा प्रकाश, आणि आपण राहतो कापडाच्या गावात," असं म्हणून ते स्वतःशीच हसत.

हा प्रकाश त्यांना भेटला तो बंगळूरला. कॉलेजातून अभ्यासरजा घेऊन, चांगले पस्तिशी उलटल्यावर, ते तिथल्या एका संस्थेत पीएचडीला गेले होते. चारपाच प्रकरणांपैकी शेवटचं एक राहिलं असताना वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सर पंधरा दिवसांची सुट्टी काढून आले. त्या पंधरा दिवसांना आता चार वर्षं झाली होती. तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख झालेला त्यांचा मित्र मात्र त्यांना विसरला नव्हता. त्याने कळवलं होतं की केसाच्या दुप्पट रुंदीचं एक छिद्र झाकेल एवढा मोठा, अखंड, एकाच थराचा तुकडा घेऊन ये, आपण तो प्रकाशात धरू, तेच तुझं शेवटचं प्रकरण. पुढच्या दिवाळीपर्यंत मी तुझी नोंदणी कशीतरी जिवंत ठेवतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण पट्टीवरून सुटणारे तुकडे बहुतेक धुळीच्या कणाएवढे. पट्टी सिलिकनच्या जांभळट चकतीवर दाबायची, सोलून काढायची आणि मग मायक्रोस्कोपखाली ती सबंध चकती रेघेरेघेने तपासायची. एका अणूचा थर म्हणजे जांभळ्यावर किंचित गडद जांभळं. मला दाखवलं तेव्हा मला काहीच दिसलं नाही. सौजन्य म्हणून मी "सुंदर" म्हणालो. एक चकती तपासायला दोन तास लागत. आणि ते दोन तास जमीन स्थिर हवी.

इथपर्यंत ही एका चिकट माणसाची गंमतच आहे. पण खरी अडचण घरात होती.

मढवी सरांचे वडील, आबा, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. भात सोडून लूमवर आलेली ती पहिली पिढी. त्यांचं सगळं आयुष्य त्या खटखटीत गेलं. पुष्कळ वर्षांपूर्वी दंगल होऊन शहरात कर्फ्यू लागला, तेव्हा एका दुपारी सगळे लूम एकदम बंद पडले. आबा कारखान्यात एकटे अडकले, दार आतून लावून, तीन दिवस. त्यांचा मुलगा अनंत तेव्हा शाळेत गेलेला. तो मामाच्या घरी सुखरूप होता, पण हे आबांना कळायला तीन दिवस लागले. झटक्यानंतर उजवी बाजू गेली, बोलणं तेवढं शाबूत राहिलं, आणि ते तीन दिवस परत आले. लूम चालू असले की आबा शांत. लाइट गेली, लूम थांबले, की त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटे आणि एकच प्रश्न सुरू होई.

"अंता घरा आला का?"

अंता म्हणजे आमचे मढवी सर. ते येऊन हात धरून बसेपर्यंत हा प्रश्न थांबत नसे. वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, हात चालत नसे. शिवाय वहिनी बालवाडी चालवायच्या, दुपारी दोनपर्यंत त्या घरी नसत. म्हणजे लाइट असली की मायक्रोस्कोप थरथरतो, आणि लाइट गेली की आबा. गावाची तीच एक शांतता सरांना दोन्ही बाजूंनी बोलवायची. उठून ते काळोख्या खोलीत जात, चकती लावत, आणि पंधरा-वीस मिनिटांत कारखान्यातला कोणी भिंतीवरून हाक मारी, "सर, आबा बुला रहे." लगेच ते चकती तशीच सोडून घरी.

मी एकदा सुचवलं की मायक्रोस्कोप माझ्या घरी आणा. पडघ्याला लूम नाहीत, ट्रकच काय ते हमरस्त्यावर. ते क्षणभर खूष झाले आणि लगेच विझले. "लाइट वेळापत्रक पाळत नाही, मराठी. मी पडघ्याला आणि इथे ती गेली तर? तुमची एसटी मला तासाभराने घरी सोडणार. आबा एक तास श्वास धरून बसतील का?"

मग एके दिवशी त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. बॅटरीवर चालणारा, एक बाजू संपली की आपोआप दुसरी बाजू लावणारा. लूमचा आवाज भरून घ्यायचा आणि लाइट गेली की लावायचा, इतकी सरळ युक्ती. स्वतःच्या कारखान्यात कामगारांसमोर टेप धरून उभं राहायचा संकोच, म्हणून त्यांनी कॉलेजमागच्या दुसऱ्याच एका कारखान्याचा आवाज भरला. आबांनी दोन मिनिटं ऐकलं.

"ह्यो कुनाचा कारखाना?" ते म्हणाले. "आपला चार नंबर लंगरतो. ह्यात कोनी लंगरत न्हाय."

मी तिथेच होतो. मला हसू आवरेना. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने मुलाला खाटेवर बसवून घेतलं आणि विचारलं, "मना फशिवतंस ते ठीक हाय. पन तू जातंस कुठं, ते तरी सांग."

सरांनी सांगायचा प्रयत्न केला आणि 'लहरी' या शब्दावरच अडकले. मग उठून कारखान्यात गेले आणि एक फणी घेऊन आले. फणी म्हणजे लूमवरची ती लांब चौकट, जिच्यात पोलादाच्या बारीक पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या असतात आणि प्रत्येक फटीतून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा जातो. सर म्हणाले, "आबा, उजेड पन धाग्यावानी हाय. काही उभा हालतो, काही आरवा. मी शोधतो त्या उजेडासमोर ही फणी धरली, तर एकाच बाजूचा उजेड पलीकडं जाईल, दुसरा इथंच अडेल." सरांची ती बोली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वर्गात ते छापील मराठी बोलत.

आबांनी फणी हातात घेतली, अंगठा फिरवला. "ही जारी हाय," ते म्हणाले, म्हणजे जाड्या सुताची. "उजेड म्हंजे बारीक सूत. इस्राईलला सांग, मलमलची फणी काढ म्हनावं." इस्राईलभाई म्हणजे कारखान्याचे मुकादम, तीस वर्षांपूर्वी उत्तरेतून आलेले. त्यांनी माळ्यावरून जुनी, फडक्यात गुंडाळलेली फणी काढून दिली. भौतिकशास्त्राच्या इतक्या पदव्या असलेल्या माणसाला आपल्या घरातल्या माळ्यावर काय आहे हे माहीत नव्हतं, यावर मी त्यांना बरेच दिवस छळलं.

त्यानंतर सरांनी स्वतःच्या कारखान्याचा आवाज भरला. लंगडा चार नंबर त्यात होता. मधे एकदा धागा तुटून तो थांबला, इस्राईलभाई "अरे, चार का धागा देखो" असं ओरडले, आणि तो परत सुरू झाला, हेही सगळं टेपमध्ये आलं. टेप खिडकीच्या फळीवर पडद्यामागे ठेवला. पुढच्या वेळी लाइट गेली, शेजारीण टेपचं बटण दाबून गेली, आणि भिंतीवरून हाक आली नाही. एक तास नाही, दोन तास नाही. सर काळोख्या खोलीतून तीन तासांनी वर आले ते डोळे लाल करून, आणि म्हणाले, "मराठी, आज पूर्ण चकती पाहिली." मला त्यांचा इतका आनंद झाला की मी सगळ्या स्टाफरूमला वडापाव दिला.

असं सात-आठ महिने चाललं. मधे कधीतरी माझा तास रिकामा होता आणि लाइट गेलेली होती, म्हणून मी सहज आबांकडे गेलो. टेप चालू होता. आबा भिंतीला टेकून बसले होते, डाव्या हाताने खाटेची पाटी धरून. बोटं पांढरी पडली होती. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी टेपचा आवाज वाढवायला उठलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. टेप हाय, म्हाईत हाय मना."

मी खाली बसलो.

"जिमीन हालत न्हाय," आबा म्हणाले, "आन् बारा लूम चालतान?"

 जी थरथर चुकवण्यासाठी मढवी सर तीन वर्षं धडपडत होते, ती थरथर टेपमध्ये येणार नाही, एवढं एकच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कानांना फसवलं, पण आबांनी आयुष्यभर लूम ऐकला होता तो पायांनी.

"किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"पयल्या दिसापासून." मग जरा थांबून, "आता बघ, धागा तुटंल." टेपमधला चार नंबर थांबला. इस्राईलभाई ओरडले. "दर फेरीला थितंच तुटतो. तवर झाला म्हंजे अर्धी फेरी गेली, असा मी मोजतो." आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पकड जबरदस्त होती. "मास्तर, अंताला सांगू नको. तो येऊन बसंल, आन् उजेड ऱ्हाऊन जाईल."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून काळोख्या खोलीकडे निघालेल्या मढवी सरांचा उत्साह माझ्याच्याने बघवेना. "चला मराठी, आमची शिफ्ट लागली," असं ते म्हणायचे आणि मला खाटेच्या पाटीवरची ती पांढरी बोटं दिसायची. सांगितलं तर मुलाचं काम बुडतं, न सांगितलं तर बाप रोज तीन तास त्या कर्फ्यूत कोंडला जातो. मी माझे रिकामे तास आबांकडे घालवायला लागलो, एवढंच. माझ्या हाताने त्यांचं भागत नव्हतं, हे मलाही कळत होतं.

आणि मग एका दुपारी, लाइट यायला तासभर अवकाश असताना, सर वर आले.  झाकून ठेवलेला डबा उघडला आणि भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत चावून चावून खाल्ली. पाणी प्याले. मग म्हणाले, "तीन केसांएवढा आहे." मी खाली जाऊन पाहिलं. या वेळी मला तो दिसला. जांभळ्या पाटीवर कोणी ओलं बोट टेकवून उचललं असावं, एवढाच काय तो डाग. मी पुन्हा "सुंदर" म्हणालो, आणि या वेळी खोटं बोललो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांसाठी ते बंगळूरला निघाले. चार वर्षांत पहिल्यांदा. एका डबीत ती चकती, आणि फडक्यात गुंडाळलेली मलमलची फणी. निघताना मला म्हणाले, "लाइट गेली की तुम्ही जाऊन बसाल ना? टेप आहेच." मी म्हणालो, "टेप आहेच." असं खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

त्या दिवसांत मी रोज पडघ्याहून सकाळच्या एसटीने येत होतो. टेप लागायचा, आबा माझा हात धरायचे. "अंता घरा आला का?" तोंडातून निघून जायचं आणि तेच लगेच जीभ चावायचे. "न्हाय, न्हाय. तो उजेडाकरं गेलाय." सातव्या दिवशी, भर दुपारी, असेच बसलो होतो. आबांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. "आता तुटंल," ते म्हणाले. टेपमधला चार नंबर थांबला, इस्राईलभाई ओरडले. मी सहज वर पाहिलं, तर दारात मढवी सर उभे होते. खांद्यावर पिशवी, हातात फणी. काम एक दिवस आधी संपलं म्हणून आले होते.

त्यांनी आबांच्या हाताकडे पाहिलं. सदऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुढे होऊन त्यांनी टेप बंद केला आणि खाटेवर बसून तो हात माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"किती दिस म्हाईत व्हतं, आबा?"

आबांनी डोळे उघडून फणीकडे पाहिलं. विचारलं, "फणी लागली का कामाला?"

"लागली. यंत्रात घट्ट बसली."

"आन् उजेड?"

सरांनी फणी आबांच्या मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नळ फिरवला. शंभर थेंबांतले दोन-तीन कमी आले. पन आमी फिरवला म्हनून कमी आले." आबांनी मान हलवली. इतकी वर्षं राबून दोन-तीन थेंब, असं ते म्हणाले नाहीत. मलमल विणलेला माणूस होता तो.

संध्याकाळी कळलं की मित्राने सरांना राहायला बोलावलं होतं. संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रबंध द्यायचा तर शेवटचं एक वर्ष तिथे काढावंच लागणार होतं. महिन्याभरात कळवायचं होतं. आबांना बंगळूरला नेण्याचा विषय वहिनींनी काढला, तर आबाच म्हणाले की थितं लूम कुठं हायत. सरांनी त्याच रात्री नकाराचं पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते आबांना समजलं आणि आबा असे संतापले की त्यांची वाचा जाते की काय अशी भीती वाटली. "मंग मी कशाला बसलू व्हतू?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "सांग ना, मी कशाला बसलू व्हतू?"  

सर माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी स्टाफरूममध्ये दोघेच होतो. "तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. मी हो म्हणालो. आणि मग मलाच राग आला. मी म्हणालो, "थर सवयीने बसलेले असतात, ओढणारा पाहिजे, असं तुम्हीच सांगता ना? तो मित्र तिकडून ओढतोय. आबा इकडून ढकलतायत. तुम्हीच सुटत नाही आहात."

ते रागावले नाहीत. मनगटातलं रीळ फिरवत राहिले. "एक सांगायचं राहिलं, मराठी. सुटलेला थर नुसता हवेत राहत नाही, गुंडाळून जातो. त्याला टेकायला खाली काहीतरी लागतंच."

"हे तुम्ही आत्ता शोधून काढलंत."

"हो," ते म्हणाले, आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पण मला ते पटलं नव्हतं, आणि त्यांनाही पटलं असेल असं मला आजही वाटत नाही.

नोंदणी गेली. मित्राने छापलेल्या शोधनिबंधात सरांचं नाव तिसरं आलं. तो कागद त्यांनी आबांना दाखवला. आबांनी नावावरून अंगठा फिरवला, फणीवरून फिरवला होता तसा, आणि कागद उशीखाली ठेवला. पुढे गावाची वीज सुधारली. लाइट जाणं कमी होत होत जवळजवळ थांबलं. लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. लूम आता चोवीस तास चालत. आबांचा घाम थांबला, त्याबरोबर काळोख्या खोलीचं कामही. मायक्रोस्कोपवर सरांनी एक मांजरपाटाचं कापड टाकलं. ते कधी उचललेलं मी पाहिलं नाही. अधूनमधून एखादा दिवा फडफडला की ते खुर्चीत अर्धवट उठायचे आणि पुन्हा बसायचे.

आबा गेले ते एका सकाळी, लूम चालू असताना, झोपेतच. मी पोचलो तेव्हा गल्ली गप्प होती. आमच्याकडे तशी रीत आहे. गल्लीत कोणी गेलं की मिट्टी, म्हणजे मयत, उठेपर्यंत आजूबाजूचे कारखाने लूम बंद ठेवतात, मग मालक कोणत्याही धर्माचा असो. इस्राईलभाईंनी स्वतः फिरून सगळ्यांना बंद करायला लावले होते. आबांना खाली निजवलं होतं. सर त्यांच्या डाव्या हाताशी बसले होते. वर विजेचा दिवा जळत होता, पंखा फिरत होता.

सरांनी एकदा दिव्याकडे पाहिलं. मग जमिनीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"लाइट आहे," ते मला हळू म्हणाले, "आणि लूम बंद आहेत. बघा मराठी. दोन्ही एकदम."

त्यांना इतकी वर्षं एवढंच हवं होतं. मला रडू आलं, ते आबांसाठी की यांच्यासाठी ते सांगता येणार नाही.  सर आबांच्या चेहऱ्याकडे पाहून एकदम उठले आणि कारखान्यात गेले. इस्राईलभाई आडवे आले. "सर, आज नहीं. मय्यत का दिन है. लोग क्या कहेंगे?"

"उनको चुप्पी नहीं चलती, इस्राईलभाई," सर म्हणाले, आणि त्यांनी चार नंबरची मोटर चालू केली.

तो लंगडत सुरू झाला. मी आबांच्या पायाशी बसलो होतो. जमीन माझ्या तळव्यांना बारीक थरथरताना कळली. गल्लीतले लोक चकित होऊन आत पाहू लागले. एक-दोन म्हातारे कुरकुरले, पण इस्राईलभाई दारात उभे राहिले आणि त्यांनी कोणाला आत येऊ दिलं नाही.

तिरडी उचलली तेव्हा चार नंबर चालूच होता. आम्ही उंबरठा ओलांडला आणि धागा तुटून तो थांबला. सगळे उभे राहिले. सरांनी खांदा माझ्याकडे दिला, आत गेले, धागा बांधला, लूम चालू केला आणि परत येऊन खांदा घेतला. मग आम्ही निघालो.